पंधरा यार्डांची रेघ

दाजी अजूनही मानत नाहीत. दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी, त्यांचा ॲन आर्बरहून फोन येतो. ताईची गुडघेदुखी, पोरांच्या परीक्षा, यंदा कोण कुणाकडे जायचं, असं सगळं बोलून झालं की फोन ठेवता ठेवता ते म्हणतात, "पोचला नव्हता रे तो." कोण, कुठं, कधी, हे मला विचारावं लागत नाही. मी म्हणतो, "पोचला होता, दाजी." मग फोन ठेवतो.

दाजी मूळचे सांगलीचे. मिशिगन विद्यापीठात शिकले आणि डेट्रॉइटच्या गाड्यांच्या धंद्यात तिथेच स्थिरावले. मी कोल्हापूरचा. कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये शिकायला आलो आणि इथलाच झालो. दोन घरांत गाडीने तीन-सव्वातीन तासांचं अंतर आहे, मधे टोलेडो लागतं. याच टोलेडोच्या पट्ट्यावरून १८३५ मध्ये या दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांवर सशस्त्र पथकं धाडली होती. पुढे १८९७ पासून दोन्ही विद्यापीठं एकमेकांशी अमेरिकन फुटबॉल खेळू लागली. सामन्याच्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल फुली मारलेली असते. इथले लोक 'मिशिगन' हा शब्दही तोंडातून काढत नाहीत, "वरच्या अंगाचा तो संघ" म्हणतात. नवीन आलो होतो तेव्हा हे ऐकून मला पेठेची आठवण झाली होती. आमच्याकडेही समोरच्या तालमीचं नाव घरात कुणी घेत नसे, "त्या लोकांनी" म्हटलं की समजायचं.

ज्याच्याबद्दल दाजी फोन करतात तो सामना २६ नोव्हेंबर २०१६ चा. आम्ही तेव्हा विद्यापीठाच्या उत्तरेला भाड्याच्या घरात राहत होतो, स्टेडियमपासून दीडेक मैलावर. ताई-दाजी थँक्सगिव्हिंगसाठी आले होते. मिशिगन देशात तिसऱ्या क्रमांकावर, आम्ही दुसऱ्या. मैदानात एक लाख दहा हजार माणसं होती, आणि ती सगळी विद्यार्थ्यांचा खेळ बघायला आलेली. हे वाक्य मी गावाकडे कुणाला सांगितलं की समोरचा पुन्हा विचारतो, "विद्यार्थ्यांचा?" हो, विद्यार्थ्यांचा. अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची पोरं.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पायाने फार थोडं खेळतात, चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. दहा यार्ड झाले की नवे चार डाऊन मिळतात, नाही झाले तर चेंडू प्रतिपक्षाचा. एवढं कळलं की खेळाचा जीव कळला. सगळं भांडण शेवटी एकाच गोष्टीवर येतं: खेळाडू पडला तेव्हा चेंडूचं टोक कुठं होतं?

त्या दिवशी निर्धारित वेळेत १७-१७ झाले. तेही कसे, तर शेवटचा एक सेकंद उरला असताना आमच्या टायलर डर्बिनने लाथेने चेंडू खांबांमधून धाडला तेव्हा. त्याआधी त्याच पोराचे दोन प्रयत्न हुकले होते. या दोन संघांचा एवढ्या वर्षांतला एकही सामना तोवर जादा वेळेत गेला नव्हता. पहिल्या जादा डावात पुन्हा बरोबरी, २४-२४. दुसऱ्यात मिशिगनने तीन गुण घेतले, २७-२४. मग आमची पाळी. जादा वेळेत खेळ प्रतिपक्षाच्या गोलरेषेपासून पंचविसाव्या यार्डाच्या रेघेवरून सुरू होतो. तीन डाऊनमध्ये आमचे नऊ यार्ड झाले. चौथा डाऊन, एक यार्ड हवा. लाथ मारून तीन गुणांची बरोबरी साधायची की एका यार्डासाठी जीव टाकायचा? प्रशिक्षक अर्बन मायरने दुसरा रस्ता धरला.

दाजी तोवर उठून बाहेर व्हरांड्यात गेले होते. बघवत नव्हतं त्यांना. थंडीत नुसत्या स्वेटरवर, हातात चहाचा कप. ताई आतून ओरडली, "अहो, जॅकेट तरी घाला." त्यांनी ऐकलं नाही.

आणि मग स्टेडियमचा आवाज आला. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागे असतं, खरा आवाज दीड मैल हवेतून आधी येतो. टीव्हीवर अजून दोन्ही फळ्या वाकून उभ्या होत्या, आणि व्हरांड्यात दाजींना कळलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले आणि जे घडून गेलेलं आहे ते घडताना बघू लागले. आमच्या जे. टी. बॅरेटने चेंडू छातीशी धरला, डावीकडे धावला, आपल्याच सवंगड्याच्या पाठीवर आदळला आणि पडला. पंचांनी हात पुढे केला. पहिला डाऊन, म्हणजे नवे चार डाऊन मिळाले.

मग रिप्ले. मिशिगनच्या बाजूने पाहिलं तर चेंडू अलीकडे, आमच्या बाजूने पाहिलं तर रेघेवर. निर्णय कायम राहिला, बाहेरून दुसरा आवाज आला. पुढच्याच खेळीत कर्टिस सॅम्युएल पंधरा यार्ड धावत गोलरेषेपलीकडे, एंड झोनमध्ये गेला तेव्हा तिसरा. ३०-२७. दाजींचा चहा तसाच राहिला होता, वर साय धरलेली. मी काहीतरी बोलायला गेलो तर ताईने मला डोळ्यांनी गप्प केलं.

मिशिगनचे प्रशिक्षक जिम हार्बॉ सामन्यानंतर पत्रकारांसमोर म्हणाले की पंचगिरीने आपली घोर निराशा केली आहे, आणि हातांनी अंतर दाखवलं, एवढं कमी पडलं होतं म्हणून. कॉन्फरन्सने, म्हणजे दोन्ही विद्यापीठं ज्या गटात खेळतात त्या गटाने, त्यांना दहा हजार डॉलर दंड केला. दाजींनी तो दंड स्वतःवर लागल्यासारखा मनाला लावून घेतला.

आता मला जे या प्रकरणात सगळ्यात टोचतं ते सांगतो. जादा वेळेत चेंडू बरोबर पंचविसाव्या रेघेवरून निघतो, म्हणजे पहिल्या डाऊनची रेघ बरोबर पंधराव्या यार्डाची. ती मैदानावर आखलेलीच असते. पांढरीफटक, सगळ्या कॅमेऱ्यांना दिसणारी. एरवी दहा यार्ड मोजायला साखळी आणावी लागते, इथे जमिनीनेच माप धरलेलं होतं. तरी इतक्या वर्षांत दोन शिकलेली माणसं, दोघंही इंजिनियर, एका पांढऱ्या रेघेपाशी एकमत होऊ शकलेली नाहीत. चूक रेघेत नाहीच. प्रश्न चेंडूचा आहे, आणि चेंडू त्या क्षणी वीस पोरांच्या ढिगात कुठेतरी असतो.

व्हिडिओने हे मिटेल असं वाटलं होतं. आमच्याच बिग टेन कॉन्फरन्सने २००४ मध्ये रिप्लेचा पहिला प्रयोग केला, नंतर तो सगळीकडे पसरला. पण रिप्लेचा नियम नीट बघावा. वादातीत पुरावा असेल तरच मैदानावरचा निर्णय बदलायचा. म्हणूनच पंच दोन वेगळे शब्द वापरतात: व्हिडिओत ठाम दिसलं तर निर्णय 'कन्फर्म' झाला, आणि दिसलंच नाही तर निर्णय 'स्टँड्स', म्हणजे आहे तसा राहतो. दुसऱ्या शब्दात कबुली आहे. आम्हालाही दिसलं नाही, म्हणून धावत आलेल्या माणसाने पहिल्यांदा जे म्हटलं तेच धरून चालतो. मला ही कबुली प्रामाणिक वाटते. दाजींना ती पळवाट वाटते.

गेली काही वर्षं मी स्वतः साखळी धरतो. मुलाच्या शाळेच्या संघाला सामन्याच्या दिवशी तीन-चार पालक लागतात, दोन काठ्यांना आणि एक कितवा डाऊन चालू आहे ते दाखवणाऱ्या पाटीला. दोन्ही काठ्या शेंदरी रंगाच्या, टोकाला गुंडाळलेलं मऊ पॅडिंग, मधे दहा यार्डांची साखळी. साखळीच्या मधे एक क्लिप असते, ती जवळच्या पाच यार्डांच्या रेघेवर अडकवून ठेवायची, म्हणजे साखळी मैदानात नेली तरी पुन्हा त्याच जागी आणता येते. हे सगळं फार काटेकोर असतं. मोजायला बोलावलं की आम्ही पळत आत जातो, एकजण क्लिप धरतो, दुसरा काठी रोवतो, साखळी ताणतो, आणि सगळं मैदान श्वास रोखून बघतं की चेंडूचं नाक काठीच्या पुढे आहे की मागे. चार बोटांचा फरक असला तरी निकाल लागतो.

पण ही साखळी लागते कशी ते बाहेरून दिसत नाही. लाइन्समन, म्हणजे बाजूच्या रेघेवरचा पंच, अंदाजाने रेघेवर टाच टेकवतो आणि मी त्याच्या टाचेमागे काठी उभी करतो. त्याआधी चेंडू त्याने कुठे ठेवला, तर ढिगातून पोरं उठेपर्यंत जो अंदाज त्याने बुटाच्या टोकाने धरून ठेवला होता तिथे. म्हणजे आधी डोळ्यांनी अंदाज, त्यावर पुन्हा अंदाज, आणि शेवटी बोटांच्या हिशेबाने मोजणी. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी काठी धरून तसाच उभा राहिलो. बॅरेटबद्दल इतकी वर्षं मी जे छातीठोकपणे म्हणत आलो, त्याला ही माहिती जुळेना.

पाटी धरायची वेळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. त्याचं कारण ६ ऑक्टोबर १९९०. कोलोरॅडो आणि मिसूरी, शेवटचे काही सेकंद, चेंडू गोलरेषेच्या तोंडाशी. दुसऱ्या डाऊननंतर कुणीतरी पाटी उलटायची विसरलं. तिसरा डाऊन दुसरा म्हणून खेळला गेला, चौथा तिसरा म्हणून, आणि पाचव्या, म्हणजे मुळात अस्तित्वातच नसलेल्या डाऊनवर कोलोरॅडोने टचडाऊन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेला. ३३-३१. पंच निलंबित झाले, निकाल बदलला नाही, आणि त्या मोसमाअखेर कोलोरॅडो राष्ट्रीय विजेतेपदाचा वाटेकरी झाला. मिसूरीची माणसं आजही बोटं दाखवून पाच मोजतात.

याच चुकीचा दुसरा शेवटही झालेला आहे, आणि तो मला प्रत्येक वादात आठवतो. १९४० च्या नोव्हेंबरात कॉर्नेल आणि डार्टमथ यांच्या सामन्यात असाच पाचवा डाऊन दिला गेला आणि कॉर्नेल ७-३ जिंकलं. कॉर्नेल त्या मोसमात एकही सामना हरलेलं नव्हतं. नंतर फिल्म धुऊन आली, ती लावून बघितली, डाऊन मोजले. पंचाने स्वतःची चूक मान्य केली. कॉर्नेलने डार्टमथला तार केली: विजय तुमचा. डार्टमथने तो स्वीकारला, आणि नोंदवहीत आजही ३-० असं आहे. कुठल्याही नियमाने कॉर्नेलवर सक्ती नव्हती. मी दाजींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही केली असती का तार?" मी खरं काय ते सांगितलं. नसती केली.

आणि पंचांचं काय होतं? २००६ मध्ये ओरेगॉन आणि ओक्लाहोमाच्या सामन्यात ओरेगॉनने मारलेल्या एका छोट्या किकवर निर्णय चुकला. चेंडू दहा यार्ड जायच्या आधीच ओरेगॉनच्या खेळाडूचा स्पर्श झाला होता, आणि चेंडू शेवटी हातात होता ओक्लाहोमाच्या पोराच्या, तरी तो ओरेगॉनला दिला गेला. ओरेगॉन ३४-३३ जिंकलं. कॉन्फरन्सने चूक मान्य केली, पंचांना निलंबित केलं. पण रिप्ले बघणाऱ्या पंचाला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. हे मला कधीच समजून घेता येणार नाही. यातले बहुतेक पंच आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि शनिवारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालतात. शाळांच्या सामन्यांना तर हल्ली पंच मिळत नाहीत, आणि ते का सोडून जातात हे मी काठी धरून ऐकलेलं आहे. बाजूच्या रेघेवर उभा राहिलं की पालक काय काय बोलतात ते सगळं कानावर पडतं. वाद घालावा, जन्मभर घालावा, पण माणसाच्या पोरांपर्यंत जाऊ नये.

दाजींचा आणि माझा दुसरा वाद पोरं आणण्याचा. याला इथे रिक्रूटिंग म्हणतात, आणि खरा मोसम संपला की याचा मोसम सुरू होतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तारे दिले जातात, दोन, तीन, चार, पाच. ताऱ्यांनी भागत नाही म्हणून दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत गुण. पूर्वी फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी पोरं सही करायची, विद्यापीठाच्या ऑफिसात सगळे फॅक्सच्या मशीनभोवती उभे असायचे. २०१७ पासून डिसेंबरातच बहुतेकांच्या सह्या होतात. १ जुलै २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि आता तर विद्यापीठं उत्पन्नाचा वाटा थेट खेळाडूंना देतात. हे फार आधी व्हायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. लाखभर माणसं तिकीट काढून ज्यांना बघतात त्यांच्या घरी काहीच जात नव्हतं, ही लाजिरवाणी गोष्ट होती.

मिशिगनला आमच्यावर हसायला एक गोष्ट कायमची मिळालेली आहे. डेस्मंड हॉवर्ड आणि चार्ल्स वुडसन, १९९१ आणि १९९७ चे हाइजमन ट्रॉफीचे, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूच्या बक्षिसाचे मानकरी, दोघंही ओहायोची पोरं. एक क्लीव्हलँडचा, एक फ्रीमाँटचा. दोघंही वर, मिशिगनला गेले. दाजी एवढंच म्हणतात, "तुमची होती." उलट त्या २०१६ च्या खेळीत आमचा बॅरेट टेक्ससचा आणि सॅम्युएल ब्रुकलिनचा. शंभर वर्षांचं वैर म्हणतो आम्ही, आणि ते लढायला पोरं आणतो हजार-हजार मैलांवरून.

माझं खरं दुःख मात्र वेगळं आहे. त्या दिवशी आमच्या संघात एक पोरगा बाकावर बसून होता, जो बरो. अगदी आपला, दक्षिण ओहायोतल्या अथेन्सचा. दीड वर्षाने, क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून खेळी चालवणाऱ्याची जागा दुसऱ्याला मिळतेय हे बघून पदवी हातात घेऊन तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात, एलएसयूला गेला. २०१९ च्या मोसमात एलएसयू पंधराच्या पंधरा सामने जिंकलं, तो हाइजमन घ्यायला उभा राहिला आणि आपल्या भागातल्या, घरी जेवायला नसलेल्या पोरांबद्दल बोलला. त्या भाषणानंतर अथेन्स काउंटीच्या अन्नछत्राला पाच लाख डॉलरहून जास्त देणग्या आल्या. मी ते भाषण स्वयंपाकघरात उभ्याने ऐकलं. तीन वर्षं तो आमच्याकडे होता. रोज सरावात शंभर डोळे त्याच्याकडे बघत होते. आमच्या प्रशिक्षकांना काही कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, दुसरा पोरगाही गुणी होता. पण वीस पोरांच्या ढिगातला चेंडू कुठं आहे हे दिसत नाही, तसं विसाव्या वर्षाच्या पोरात काय दडलंय हेही दिसत नाही, आणि तरी कुणीतरी बूट टेकवून सांगावं लागतं, इथे.

पोरगं शब्द देऊन ऐनवेळी दुसरीकडे गेलं की इथे 'फ्लिप' झाला म्हणतात. मिशिगनच्या बेलव्हिल गावचा ब्राइस अंडरवूड, त्याच्या वर्षातला देशातला पहिल्या क्रमांकाचा मुलगा, आधी एलएसयूचा होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशिगनचा झाला. दाजींच्या घरी पेढे आले. लुइझियानात त्या सतरा वर्षांच्या पोराबद्दल काय बोललं गेलं असेल याची मला कल्पना करता येते, कारण आमच्याकडे त्याला 'फोडला' म्हणतात. मी आठवीत असताना आमच्या गल्लीतला एक फुटबॉल खेळणारा पोरगा दुसऱ्या पेठेच्या तालमीच्या संघाने फोडला. शाहू स्टेडियमवर तो पहिल्यांदा त्यांच्या जर्सीत उतरला तेव्हा आमच्या बाजूने जे ओरडलं गेलं त्यात माझाही आवाज होता. त्याची आई दुसऱ्या दिवशी पाण्याला आली तर नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. ती हंडा भरून मान खाली घालून गेली. तिच्या पोराला तिथे बूट मिळाले होते आणि कुणीतरी नोकरीचा शब्द टाकला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. इथे कुणी एखाद्या मुलाला गद्दार म्हणालं की मला तो पितळी हंडा दिसतो.

२०२४ चा आमचा सामना आम्ही १३-१० हरलो. घरच्या मैदानावर, आणि मिशिगनचं ते वर्ष काही बरं नव्हतं. पुढे जानेवारीत आम्हीच राष्ट्रीय विजेते झालो, तरी तो दिवस गेला तो गेलाच. त्या संध्याकाळी दाजींचा फोन आला. वाद घालावा असा एकही निर्णय मनात राहिला नव्हता. दोन मिनिटांत दोघांचंही बोलणं संपलं. एवढं लवकर आम्ही कधी फोन ठेवलेला नव्हता.

मागच्या ऑक्टोबरात दाजी एकटेच आले होते. मुलाचा सामना होता, मी काठीवर. ते माझ्या मागे, पालकांच्या दोरीपलीकडे, मफलर गुंडाळून उभे. शेवटची तीन मिनिटं, चौथा डाऊन, एक यार्ड. आमचा एक बारीक पोरगा चेंडू घेऊन माझ्या अंगावरच धावत आला आणि माझ्यापासून दहा फुटांवर ढीग पडला. शिट्टी झाली. लाइन्समन, कॉलेजात शिकणारा तरुण मुलगा, धावत आला, बूट टेकवला, चेंडू ठेवला. साखळी मागवली. मी आत नेऊन काठी रोवली, साखळी ताणली. चेंडू चार बोटं अलीकडे. मागून दोन-तीन पालक ओरडायला लागले. तो बारीक पोरगा गुडघ्यावर बसून चेंडूकडे बघत होता, तोंडातला गार्ड हातात.

मी बाजूला परत आलो, क्लिप काढली. दाजी दोरीवरून वाकले.

"तू तर अगदी जवळ होतास. पोचला होता का रे?"

"दिसलं नाही, दाजी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मैदानाकडे. "असं होय," म्हणाले, आणि साखळीचं दुसरं टोक गुंडाळायला हात पुढे केला.